बाजारगल्लीचा पडदा

उंबरसांगवीत आजवर टांगलेले सगळे पडदे जैनोद्दीनला तोंडपाठ होते, आणि त्यातला एकही त्याला बघवत नव्हता.

नाटकाचे पडदे बार्शीहून भाड्यानं यायचे. एक जंगलाचा, एक राजवाड्याचा, एक तुरुंगाचा आणि एक रस्त्याचा. जंगलातली नदी डोंगर चढून वर जायची. राजवाड्याला सतरा खांब होते आणि सतरा खांबांच्या सावल्या सतरा दिशांना पडायच्या. रस्त्याच्या पडद्याचं तर विचारूच नका. त्यावर तीनमजली विलायती घरं, लोखंडी दिव्यांचे खांब आणि छत्री घेतलेली एक मडम होती. नाटक संताचं असो, हुंड्याचं असो, नाहीतर कूळकायद्याचं असो, मडम आपली छत्री उघडून उभी. गेल्या साली एका नाटकात नायक "या गावात प्यायला थेंब नाही" म्हणून रडला, तेव्हा ती छत्री नेमकी त्याच्या डोक्यावर आली. लोक हसले. आपलं काहीतरी सुटलं असं वाटून नायकानं धोतर चाचपलं. लोक आणखी हसले.

जैनोद्दीननं हे सगळं दीड पान लिहून पाठवलं होतं. तो कुठल्या पेपराचा नेमलेला वार्ताहर नव्हता. धंद्यानं तो अर्जनवीस, गावाच्या तोंडी मुन्शी. निजामाच्या राज्यात सहावीपर्यंत उर्दू शिकलेला. राज्य गेलं, कचेऱ्यांचा कारभार मराठीत आला, आणि उर्दूत अर्ज लिहिणाऱ्यांची बोटं एकदम रिकामी झाली. जैनोद्दीननं किराणा बांधून येणाऱ्या रद्दीवरून आणि नाटकांच्या हँडबिलांवरून मराठी उचलली, ती अशी की वर्षभरात गावातले मराठी लोकच त्याच्याकडून अर्ज लिहून घेऊ लागले. अर्ज लिहून उरलेल्या वेळात तो नाटकांवर लिही, ताबुतांच्या नक्षीवर लिही, देवळाला फासलेल्या भडक ऑइल पेंटवर तर शिव्याच लिही. लिहिलेलं पाकिटात घालून सोलापूरच्या एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हाती द्यायचं. तिथलं एक दैनिक मनाला आलं तर छापायचं, खाली नाव घालायचं 'एक रसिक'. आपलं खरं नाव तो दर वेळी ठसठशीत अक्षरात लिहायचा. ते कुठं जिरायचं, कुणास ठाऊक.

मडमेवरच्या दीड पानाचं छापून आलं ते एवढंच: 'प्रयोग रंगला. पडदे प्रसंगास साजेसे होते. श्री. चन्नबसप्पा यांचेतर्फे सर्वांस पानसुपारी देण्यात आली.'

पानसुपारीबद्दल त्यानं एक अक्षर लिहिलेलं नव्हतं.

"पान मिळालं होतं का तुम्हाला?" त्याची बायको शरिफाबी चुलीपाशी बसून विचारत होती.

"न्हाय."

"मग छापून आलंय तेवढं तरी चघळा."

त्या उन्हाळ्यात नाट्य मंडळानं ठरवलं की बार्शीवाल्याचे नखरे पुरे झाले, आता पडदे आपले करायचे. महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती, जो तो काही ना काही आपलं करत सुटला होता. मंडळाचे अध्यक्ष चन्नबसप्पा. बाजारगल्लीत त्यांचं कापडाचं मोठं दुकान. त्यांनी मांजरपाटाचा तागा दिला आणि काम दिलं चाँदपाशाला.

चाँदपाशा म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा. पन्नाशी ओलांडलेला, अंगानं काटकुळा, बोलायला कंजूष. निजामाच्या काळात त्यानं गावातली प्रत्येक पाटी उर्दूत लिहिली होती, आणि मग त्याच पाट्या पुसून नागरीत लिहिल्या होत्या. नागरी त्याला वाचता येत नव्हती. जैनोद्दीन कागदावर अक्षरं लिहून द्यायचा, आणि चाँदपाशा कोयरी किंवा वेल काढावी तशी ती बघून काढायचा. सगळ्या तालुक्यात तेवढी वळणदार पाटी कुणाची नव्हती, आणि त्या पाट्यांवर काय लिहिलंय ते न कळणारा माणूस बहुतेक तोच एक होता.

जंगल आणि राजवाडा त्यानं मंडळानं सांगितला तसा काढला. रस्त्याचा पडदा झाला त्या दिवशी जैनोद्दीन दुपारी शाळेच्या हॉलमध्ये गेला, तो भांडायच्या तयारीनंच. मडम दिसली तर काय बोलायचं, हे त्यानं वाटेतच जुळवून ठेवलं होतं.

पडदा भिंतीला टांगलेला होता. जैनोद्दीन दारात थांबला, मग पुढं गेला, मग पुन्हा दारापर्यंत मागं आला.

उंबरसांगवीची बाजारगल्ली होती ती. उन्हाळ्यातली, दुपारी तीनची. डावीकडं चन्नबसप्पांचं दुकान, त्याचा रस्त्यात आलेला दगडी ओटा, वर वाकलेला पत्रा आणि तो वाऱ्यानं उडू नये म्हणून ठेवलेल्या चार विटा. समोर गुंडप्पाचं हॉटेल, गटारावर आडवा टाकलेला बाक आणि कपबशा विसळून फेकलेल्या पाण्याचा काळा ओघळ. चावडीच्या भिंतीला खोकी लावून थाटलेलं गजराबाईचं बांगड्यांचं दुकान. एक शेळी मागच्या पायांवर उभी राहून भिंतीवरचं हँडबिल खात होती. गल्लीच्या एका अंगाला सावली, एका अंगाला ऊन, आणि टोकाला सगळं पांढरंफटक होऊन त्यापलीकडं बालाघाटाचा बोडका डोंगर. सावल्या सगळ्या एकाच दिशेला पडल्या होत्या.

"हे काय केलंस, चाँदभाई?" जैनोद्दीन म्हणाला. त्याला जरा रागच आला होता. इतकी वर्षं हा माणूस पाट्या रंगवत बसला होता.

"रस्त्याचा पडदा काढ म्हणले." चाँदपाशा ब्रश धूत होता. "मला दुसरा रस्ता कुठं माहीत हाय."

पाच दुपारी तो शिंपी बिभीषणच्या पायरीवर बसून सिगारेटच्या पाकिटांवर रेघोट्या ओढत होता, एवढंच त्यानं सांगितलं. त्या पाच दिवसांत लोकांना वाटलं होतं की म्हाताऱ्याला ऊन लागलंय.

रविवारी दुपारी जत्रेतल्या नाटकाची रंगीत तालीम होती. बिभीषणनं स्वतः लिहिलेलं सामाजिक नाटक, नायकही तोच. तालीम बघायला गल्लीतली माणसं आली. रस्त्याचा पडदा उलगडला, बिभीषण त्याच्यापुढं उभा राहून पहिलं वाक्य बोलला, आणि ते कुणी ऐकलं नाही. माणसं उठून पडद्यापाशी आली. त्यांनी बिभीषणला हातानं बाजूला सारलं.

"माझ्या हाटेलापुढं कुत्रं कशाला काढलं?" गुंडप्पानं विचारलं.

"असतंय की रोज," चाँदपाशा म्हणाला.

"असतंय. पर ते माझं न्हाय."

गजराबाई पडद्याला नाक लावून बघत होती. "मला पाठमोरी काढलीस व्हय रे? तोंड काढायला रंग संपला व्हता?"

"तुमी गिऱ्हाइकाकडं तोंड करून बसता, गजराबाई."

"मग गिऱ्हाईक काढायचं न्हाय."

मागून कुणीतरी म्हणालं की आपलीच गल्ली बघायला तिकीट काढायचं तर मग दार कशाला उघडायचं, दारातून फुकट दिसती. त्यावर हशा झाला. जैनोद्दीन मात्र चन्नबसप्पांकडं बघत होता. ते हसले नव्हते. पांढरं धोतर सावरत ते सावकाश पुढं आले.

"चाँदपाशा, कापड किती वार लागलं?"

"बावीस वार, अप्पा."

"कुणाचं?"

"तुमचंच."

"मग माझ्या कापडावर माझा पत्रा वाकडा का?"

"वाकडाच हाय, अप्पा. विटा ठेवल्यात तुमी वर."

"विटा हायत हे मला म्हाईत हाय. सगळ्या जत्रेला कशाला सांगायचं?" चन्नबसप्पांनी पडद्यावरून एकदा नजर फिरवली. "धुऊन टाक हे. नेहमीचा रस्ता काढ. दिव्याचे खांब काढ. ती छत्रीवाली बाई बी काढ, लोकांना सवय हाय तिची."

"हौ, अप्पा," चाँदपाशा म्हणाला.

हेच जैनोद्दीनला सोसवेना. तो खडूची पूड आणि सरस कालवून केलेला पाण्याचा रंग; दोन बादल्या मारल्या की संपला, मांजरपाट पुन्हा कोरा. आणि हा माणूस हौ म्हणतोय. एखाद्यानं पाटीतला काना जाड करायला सांगावा, तसा हौ म्हणतोय.

"अप्पा," जैनोद्दीन म्हणाला, "हे धुतलं तर तुमच्यासारखा अडाणी माणूस या जिल्ह्यात सापडायचा न्हाय."

 चन्नबसप्पांनी त्याच्याकडं वळून बघितलं. ते व्यापारी होते, शिवी त्यांच्या अंगाला लागत नसे.

"असं कोण म्हणतं, मुन्शी? तुमी. पेपर म्हणतो का? पेपरात येऊ द्या, चांगलं छापून येऊ द्या, माझ्या दुकानाचं नाव येऊ द्या. गुरुवारच्या बाजारापर्यंत थांबतो. मग बादली."

जैनोद्दीन घरी आला आणि लिहायला बसला. आजवर शिव्या लिहून लिहून हात तयार झाला होता. कौतुक लिहायचा सराव नव्हता. नुसतं 'सुंदर' लिहून कुणाला काय दिसणार? म्हणून त्यानं पडद्यावर होतं ते एकेक करून लिहिलं. सहा फूट पुढं आलेला ओटा आणि त्याच्या दगडांतली फट. गटारावरचा बाक. खोक्यांचं दुकान चावडीला कसं चिकटलंय ते. शेळीच्या तोंडातलं हँडबिल. हे सगळं आपल्या डोळ्यांदेखत रोज असतं आणि आपण ते कधी बघत नाही; ते एका पेंटरनं बघितलं; या जिल्ह्यात नाटकाच्या पडद्यावर पहिल्यांदा खरं काहीतरी आलं, असा त्यानं शेवट केला. चाँदपाशाचं नाव पाच वेळा घातलं, म्हणजे कापून कापून एक तरी उरेल. मथळा दिला 'आपल्या गल्लीचा पडदा'. पाकीट घेऊन तो येरमाळ्याच्या स्टँडपर्यंत गेला आणि ते नीट पोचवीन अशी सोलापूरच्या ड्रायव्हरला त्यानं आईची शपथ घ्यायला लावली.

गुरुवारी पेपर आला. कुठलीशी जाहिरात ऐनवेळी गळाली असावी, कारण लेख अख्खा होता. ओटा होता, बाक होता, शेळी होती. चाँदपाशाचं नाव पाचही ठिकाणी गेलं होतं, त्याजागी 'एक होतकरू पेंटर' आला होता. पन्नाशीचा होतकरू. आणि मथळा पेपराच्या कचेरीतल्या कुण्या शहाण्यानं स्वतःच्या डोक्यानं दिला होता: 'उंबरसांगवीच्या बाजारगल्लीतील अतिक्रमणे व गटार आता रंगमंचावर.'

जैनोद्दीननं मथळा वाचला आणि पेपर उलटा धरून ठेवला. पण गल्लीला मथळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. चन्नबसप्पांच्या दुकानाचं नाव सोलापूरच्या पेपरात छापून आलं होतं. त्यांनी पाच प्रती मागवल्या. गुंडप्पानं कात्रण बिस्किटाच्या बरणीला आतून चिकटवलं. गजराबाई, जिला वाचता येत नव्हतं, ती गिऱ्हाइकाला आपल्या नावावर बोट ठेवून दाखवायची. बोट दर वेळी निराळ्या शब्दावर पडायचं. बादलीचं नाव कुणी काढलं नाही. जैनोद्दीन तीन दिवस ताठ मानेनं हिंडला.

सोमवारी वरच्या कचेरीतून कागद आला.

चन्नबसप्पा स्वतः तो कागद घेऊन जैनोद्दीनच्या घरी आले. त्याला पेपराचं कात्रण टाचलेलं होतं, आणि 'ओटा सहा फूट' या शब्दांखाली लाल शाईची रेघ होती.

"वाचा, मुन्शी."

जैनोद्दीननं वाचलं. सोबतच्या बातमीवरून चौकशी करावी. ओव्हरसियर बुधवारी पाहणीस येतील. सदर पडदा जागेवर हजर ठेवावा.

"तुमी चांगलं लिहिलंत ना?" चन्नबसप्पांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "हे चांगलं असतं का तुमच्यात?"

"मथळा माझा न्हाय, अप्पा."

"ओटा माझा हाय."

ते गेल्यावर शरिफाबी आतून म्हणाली, "दर वेळी ओरडता, माझं लिहिलेलं कुणी नीट वाचत न्हाय. वाचलं बघा. लाल शाई लावून वाचलं."

मंगळवारी सगळी गल्ली कामाला लागली. जिथं वर्षानुवर्षं एक खिळा हलला नव्हता, तिथं एका दिवसात ओट्याचे दगड उचलून दुकानामागं गेले, गुंडप्पाचा बाक माडीवर चढला, गजराबाईची खोकी तिच्या भाचीच्या घरी गेली. गटारात चार गाड्या मुरूम पडला. पत्र्यावरच्या विटाही काढल्या, तर संध्याकाळच्या वाऱ्यात पत्रा उडाला आणि गल्लीभर वाजत गेला. जैनोद्दीन दिसला की लोक हातातलं काम थांबवून त्याच्याकडं बघायचे. बिभीषण म्हणाला, "मुन्शीजी, माझ्या नाटकावर काय लिहू नका बरं का. मला घर हाय, बायको हाय." आपल्यावर काही लिहून येत नाही म्हणून वर्षभर कुरकुर करणारा बिभीषण.

चन्नबसप्पांचं ठरलं होतं. पडदा धुतला तर कचेरी म्हणेल पुरावा नष्ट केला. म्हणून पडदा दाखवायचा आणि सांगायचं की पेंटर खोटारडा.

बुधवारी दुपारी तीनला ओव्हरसियर आला. घामेजलेला, हातात टेप, काखेत फाइल, चेहऱ्यावर परतीच्या पाचच्या गाडीची काळजी. त्यानं पडदा गल्लीच्या तोंडाशी दोन बांबूंना टांगायला लावला. मग तो दहा पावलं मागं सरला आणि एकदा पडद्याकडं, एकदा पडद्याच्या बाजूनं दिसणाऱ्या गल्लीकडं बघू लागला.

जैनोद्दीनही बघत होता. तेच ऊन, तीच सावली, तोच पांढरा पडलेला डोंगर. फक्त खऱ्या गल्लीत आता काही नव्हतं. बाक नाही, खोकी नाहीत, ओटा नाही. चित्रात गल्ली होती आणि गल्लीत मुरूम होता.

ओव्हरसियर दुकानापाशी गेला. ओट्याचे दगड होते तिथं जमिनीवर मोठा फिकट चौकोन उरला होता. त्यानं टेप लावली.

"सात फूट. ही खूण कसली?"

"पावसानं पडलीय, साहेब," चन्नबसप्पा म्हणाले.

"चौकोनी पाऊस?"

 ओव्हरसियरनं कपाळ पुसलं आणि गुंडप्पाच्या दारात स्टुलावर बसला. "हे बघा. जागेवर आता अतिक्रमण नाही. खुणेवर मी केस करू शकत नाही. राहिला पडदा. पेंटर कोण?"

चाँदपाशा पुढं झाला.

"बघून काढलं की मनानं काढलं? बघून म्हणालास तर पडदा पुरावा. तो मी सोबत नेणार आणि या मंडळींना नोटिसा. मनानं म्हणालास तर तसं लिहून दे, कागद इथंच बंद."

"साहेब, बघून काढलंय," जैनोद्दीन म्हणाला. "पाच दिवस बसला होता समोर. मी साक्षीला आहे."

"तुम्ही कोण?"

"मी लिहिलंय ते." त्यानं फाइलीतल्या कात्रणाकडं बोट केलं.

"यावर एक रसिक आहे."

"तोच मी."

"तुम्हाला विचारलं नाही," ओव्हरसियर म्हणाला आणि पुन्हा चाँदपाशाकडं वळला.

 गुंडप्पा, गजराबाई, चन्नबसप्पा, सगळे चाँदपाशाच्या तोंडाकडं बघत होते. प्रत्येकाच्या दारावरची पाटी त्याच्या हातची होती, आणि पुढची पाटीही त्याच्याचकडून करून घ्यायची की नाही, हे आता ठरणार होतं.

"मनानं काढलं, साहेब," चाँदपाशा म्हणाला.

जैनोद्दीननं वळून बांबूंवरच्या पडद्याकडं बघितलं. सतरा खांबांचा राजवाडा खरा आणि हे मनानं?

"घ्या लिहून," ओव्हरसियर म्हणाला. "लिहिणारा कोण आहे इथं?"

गावात कागद लिहिणारा एकच होता. सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं.

"मी लिहिणार न्हाय," जैनोद्दीन म्हणाला.

"का हो?" चन्नबसप्पा म्हणाले. "रोज लोकांचं खोटं लिहूनच खाता ना? मागल्या महिन्यात त्या पाटलाची मेलेली सासू अर्जात जिवंत केलीत. आज काय झालं?"

जैनोद्दीनला उत्तर होतं, भरपूर होतं. सासूची गोष्ट निराळी होती. सासू कुणी रंगवली नव्हती. पण तो तोंड उघडायच्या आत चाँदपाशा त्याच्याजवळ आला आणि हळू आवाजात बोलला.

"मुन्शीजी, साहेब नेतील तर घडी घालून नेतील. सरसाचा रंग हाय. घडीवर फुटतो. तिथं कोपऱ्यात टाकतील, ओल लागंल, बुरशी धरंल. पंधरा दिवस टिकायचा न्हाय."

"आणि हे सगळे म्हणणार चाँदपाशा खोटं काढतो."

"म्हणू द्या की. लिहा."

जैनोद्दीननं कागद मांडीवर घेतला. त्याचा हात चांगला होता, तोच आता त्याच्यावर उलटला होता. वाक्य आपोआप येत गेलं, वळणदार, कचेरीला आवडेल असं: सदरहू पडद्यावरील देखावा सर्वस्वी काल्पनिक असून तो उंबरसांगवी अथवा अन्य कोणत्याही गावाशी मिळताजुळता नाही, साम्य आढळल्यास तो योगायोग समजावा. त्यानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचताना समोर बांबूंवर पडदा होता, त्यामागं गल्ली होती, आणि मधे ओव्हरसियर मान डोलावत होता.

चाँदपाशानं उर्दूत सही केली. ओव्हरसियरनं त्याखाली 'उर्दूतील सही' असं लिहिलं, चहा प्यायला आणि पाचच्या गाडीला गेला.

गाडीची धूळ बसायच्या आत गल्ली हसायला लागली. चन्नबसप्पांनी पडद्यापुढं उभं राहून कमरेवर हात ठेवले.

"आता काय हरकत न्हाय. टांगा शनिवारी जत्रेत. पत्रा वाकडा असंल तर असू दे, तो काय माझा न्हाय."

"कुत्रं बी माझं न्हाय," गुंडप्पा म्हणाला.

"ते तर तुझं कधीच नव्हतं की," कुणीतरी म्हणालं.

"आता सरकारी कागद हाय त्याचा."

गजराबाईनं पाठमोऱ्या बाईकडं बोट दाखवून विचारलं, "मग ही कोण?" आणि स्वतःच खोखो हसली. जैनोद्दीनला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. पडदा धुतला जाणार नव्हता. शनिवारी जत्रेत चार गावची माणसं, तेरखेड्याची शोभेची दारू उडायच्या आधी, तो बघणार होती. आणि त्याला वाटत होतं की आपण स्वतःच जाऊन त्याच्यावर बादली ओतावी.

गुरुवारी सकाळी तो शाळेच्या हॉलमध्ये गेला. रात्रभर जुळवलेलं सगळं चाँदपाशाला ऐकवायचं होतं. तुझ्यासाठी मी लिहिलं, गाव अंगावर घेतलं, आणि तू एका शब्दात ते मातीत घातलंस. काम तुझं होतं, तूच त्याला खोटं म्हणालास, आणि माझ्या हातानं म्हणवलंस. एवढं बोलून तो पुन्हा कधी त्याच्यावर अक्षर लिहिणार नव्हता.

पडदा भिंतीला टांगलेला होता. चाँदपाशा त्याच्यापुढं उकिडवा बसून डाव्या कोपऱ्यात ब्रश चालवत होता. शेजारी मडक्यात सरस कोमट होत होता.

"आता काय करतोस?" जैनोद्दीन दारातूनच म्हणाला. "मडम काढतोस का?"

"ओटा कमी पडला होता." चाँदपाशानं मान वर केली नाही. "मी नजरेनं सहा फूट धरला. टेपनं सात निघाला. तरीच म्हणत होतो, सावली कुठं अडकतीय."

जैनोद्दीन जवळ गेला. ओट्याची कड वीतभर पुढं आली होती. रंग अजून ओला, गडद. त्यामागची सावलीही सरकवून घेतली होती, आणि आता ती गुंडप्पाच्या बाकापर्यंत बरोबर पोचत होती. कालपर्यंत त्या जागी काहीतरी चुकत होतं, हे जैनोद्दीनच्या लक्षातही आलं नव्हतं. त्यावर त्यानं दोन पानं लिहिली होती.

"अरे, मग काल लिहून काय दिलंस?" तो ओरडला. "काल्पनिक आहे म्हणून सही केलीस ना? मग काल्पनिक ओटा सहा काय, सात काय, सतरा काय?"

"तो कागद तुमी लिहिलाय," चाँदपाशा म्हणाला. "मला कुठं वाचता येतो." त्यानं ब्रश सरसात बुडवला, काठाला निपटला. "इथं चुकलेलं दिसतंय मला."

जैनोद्दीननं रात्रभर जुळवलेलं तसंच गिळलं. चिडून तो भिंतीला टेकला. बाहेरून दगडावर दगड पडल्याचा आवाज येत होता. येताना त्यानं बघितलं होतं, चन्नबसप्पांनी भल्या सकाळी दोन गडी लावून ओटा परत बसवायला घेतला होता.

"आणि अप्पाचं ऐकलंस का," तो म्हणाला, "तिकडं ओटा पुन्हा घालतोय. आता साहेब येत न्हाय म्हणून आठ फूट काढलाय. मी स्वतः बघितलं, दोरी लावलीय आठाला."

चाँदपाशाचा हात थांबला. त्यानं पहिल्यांदाच वळून जैनोद्दीनकडं बघितलं, मग ओल्या कडेकडं, मग पुन्हा त्याच्याकडं.

"बांधून झाला का?"

"अजून न्हाय. अर्धा झालाय."

"मग वाळू द्या हे," चाँदपाशा म्हणाला आणि ब्रश पाण्यात टाकून उठला. "दुपारी जाऊन बघून येतो."